एपॉक्सी ग्राउटचे पैसे घेतले आणि जॉइंटमध्ये भरलं व्हाइट सिमेंट, टाइल्सचं काम काढणार असाल तर वाचा

ज्यांच्या घरी सध्या फरशीचं काम चालू आहे किंवा दिवाळीआधी काढायचा विचार आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. ग्राउट म्हणजे टाइल्समधल्या फटीत, म्हणजे जॉइंटमध्ये, भरतात तो माल, आणि एपॉक्सी म्हणजे त्यातला पाणी न पिणारा महागडा प्रकार. जरा मोठं झालंय पण पूर्ण वाचा, कारण ही फसवणूक आमच्या एकट्याशीच झालेली नाही, आमच्याच सोसायटीत अजून दोन घरं निघाली आणि त्यांना मी सांगेपर्यंत पत्ताच नव्हता.

आम्ही पुण्यात वाघोलीकडे रिसेलचा टू बीएचके घेतला. जुन्या फरशा उखडून बाथरूम सोडून सगळीकडे गुजरातमधल्या मोरबीच्या दोन बाय दोन फुटांच्या मॅट व्हिट्रिफाइड टाइल्स घातल्या, रंग आयव्हरी, म्हणजे पांढरा पण नाही आणि पूर्ण बेज पण नाही. टाइल्स दुकानातून आम्हीच आणल्या, त्यात काही गडबड नाही. बसवायचं काम एका ठेकेदाराला दिलं, ओळखीतूनच आलेला, बोलायला एकदम गोड, सासूबाईंना आई आणि मला ताई म्हणणारा.

खरी गंमत ग्राउटच्या रंगावरून सुरू झाली असं नाही म्हणणार, गंमत कसली, पैसे गेलेत. पण सुरुवात तिथूनच आहे. तो एका नावाजलेल्या कंपनीचं शेड कार्ड घेऊन आला, ते प्लास्टिकच्या छोट्या छोट्या पट्ट्यांचं असतं बघा, आणि जमिनीवर टाइल्स मांडून मधल्या फटीवर एकेक पट्टी ठेवून दाखवायला लागला. सासूबाईंना पांढरा हवा होता. तो म्हणाला आई, फरशीला पांढरा नका घेऊ, सहा महिन्यांत पिवळट पडतो, कायम पुसणं होतं, चपला येतात, मधला पट्टा पिवळा आणि कपाटाखाली पांढरा असं दिसतं. हे बरोबरच आहे. नवऱ्याने काळा सुचवला, फ्रेम केल्यासारखं दिसेल म्हणून, तर म्हणाला दादा तुमच्याकडे टँकरचं आणि बोअरचं पाणी, काळ्यावर क्षार आणि साबणाचा थर लगेच दिसणार. हेही बरोबर. शेवटी टाइलपेक्षा एक छटा गडद असा करडा ठरला, थोडा मातकट झाक असलेला, नंबरसकट वहीत लिहून घेतला. पट्टी बाल्कनीच्या उजेडात आणि मग हॉलच्या एलईडीखाली दोन्हीकडे बघा हेही त्यानेच सांगितलं, आणि खरंच पिवळ्या लाइटखाली तोच करडा वेगळा दिसतो.

हे सगळं एवढं सविस्तर का सांगतेय तर रंगाबद्दल त्याने एक शब्द खोटा सांगितला नाही. दोन तास रंगावर चर्चा झाली आणि त्या चर्चेतच विश्वास बसला. मग तो म्हणाला की हा शेड एपॉक्सीमध्येच घ्या, सिमेंटचं ग्राउट डाग धरतं, पाणी पितं, एपॉक्सी आयुष्यभर तसंच राहतं. तेही बरंचसं खरं. एस्टिमेटवर लिहिलं, एपॉक्सी ग्राउट 28 किलो, मजुरीसह 34,000. साधं ग्राउट टाइल्स बसवायच्या रेटमध्येच धरलेलं होतं, म्हणजे हे 34 हजार निव्वळ एपॉक्सीसाठी वरचे. पक्कं बिल काम संपल्यावर देतो म्हणाला, ते आजपर्यंत आलेलं नाही.

ग्राउटिंगच्या वेळी आम्ही दोघंही ऑफिसला, साइटवर सासरे होते. ते जुन्या वळणाचे, सगळं बारकाईने बघणारे. त्यांनी पाहिलं की कारागीर घमेल्यात पांढरी पावडर ओततोय, त्यात काळपट रंगाची पुडी टाकतोय आणि मगने पाणी घालून कालवतोय. त्यांनी विचारलंही, यात पाणी घालतात का? ठेकेदार तिथेच उभा होता, तो म्हणाला, "काका, पाण्याशिवाय एपॉक्सी मिळून येतच नाही." इतक्या ठामपणे म्हणाला की कोणीही गप्प बसेल.

आता हे नीट लक्षात घ्या कारण सगळ्यात सोपी खूण हीच आहे. एपॉक्सी ग्राउट कालवताना त्यात पाणी पडत नाही. बॉक्समध्ये तीन गोष्टी येतात, एक रेझिन म्हणजे चिकट द्रव, एक हार्डनर म्हणजे तो घट्ट करणारा द्रव आणि एक रंगीत बारीक वाळूसारखी पावडर. आधी रेझिन आणि हार्डनर एकत्र घोटायचं आणि मग पावडर. तयार झालेला माल चिकट असतो, हाताला ग्लोव्ह्ज लागतात, वास येतो आणि साधारण अर्ध्या ते पाऊण तासात घट्ट व्हायला लागतो, उन्हाळ्यात तर अजून लवकर, म्हणून कारागीर एका वेळी थोडंथोडंच कालवतो. पाणी लागतं ते नंतर, टाइलवर राहिलेला चिकटपणा स्पंजने पुसायला. घमेलंभर माल कालवून दुपारभर पुरवत असेल तर ते एपॉक्सी नाहीच.

आमच्याकडे काय भरलं होतं ते हळूहळू कळत गेलं. आधी फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या की पोछ्याला काळं लागतंय. मला वाटलं कामाची धूळ असेल. मग लक्षात आलं की हॉलमधल्या रेषा आणि बेडरूममधल्या रेषा एका रंगाच्या नाहीत, हॉलमध्ये सिमेंटी करडा, बेडरूममध्ये जवळजवळ पांढरट, आणि दाराच्या उंबऱ्याशी जिथे दोन दिवसांचं काम जुळतं तिथे तर सरळ पट्टा दिसतो. ठरवलेली मातकट झाक कुठेच नाही. कारण उघड आहे, रंग हाताच्या अंदाजाने टाकलेला, दर घमेल्याला वेगळा, आणि सिमेंटमध्ये पाणी जास्त झालं की वाळल्यावर रंग फिका पडतोच. बाथरूममध्ये रेषांवर पांढरी भुकटी यायला लागली, सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर वर येऊन सुकतात ना, ती. ओट्यासमोर हळदीचा थेंब सांडला तो लगेच पुसला तरी रेष पिवळीच राहिली.

नवऱ्याच्या ऑफिसमधले एक सहकारी सिव्हिलचे आहेत, त्यांना घरी बोलावलं. त्यांनी दोन गोष्टी करून दाखवल्या त्या तुम्हीही करू शकता. पहिली, रेषेवर पाण्याचा थेंब टाकून पाच-दहा मिनिटं सोडायचा. आमच्याकडे थेंब जिरला आणि तेवढी रेष गडद झाली. एपॉक्सी पाणी पीत नाही, पुसलं की रंग तोच दिसतो. पण सिमेंट ग्राउटवर सीलर, म्हणजे पाणी आत जाऊ नये म्हणून द्यायचा थर, मारलेलं असेल तर या चाचणीत फसगत होऊ शकते. म्हणून दुसरी, एका कोपऱ्यात, बेडखाली वगैरे, अ‍ॅसिडवाल्या टॉयलेट क्लिनरचा एकच थेंब. सिमेंट असेल तर बारीक बुडबुडे येतात. आमच्याकडे फसफसलं आणि खालून मऊ पावडर निघाली, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने खरवडली तर नखभर खड्डा पडला. थेंब लगेच भरपूर पाण्याने पुसून घ्या, आणि मार्बल किंवा कोटा असेल तर हे अजिबात करू नका, दगड खराब होतो. ब्लीचबरोबर तर चुकूनही नको.

ठेकेदाराला फोन केला तर पहिल्यांदा म्हणाला एपॉक्सीच आहे, कंपनीचा माल खराब आला असेल. मग म्हणाला तुम्ही लवकर पोछा मारला. मग फोन उचलणं बंद. योगायोगाने तोच कारागीर शेजारच्या विंगमध्ये काम करताना दिसला, वीस-बावीस वर्षांचा मुलगा. नवऱ्याने शांतपणे विचारलं तर तो म्हणाला, "सेठने जो बोरी दी वही लगाया भैया, डिब्बा तो आया ही नहीं." त्या पोराचा यात काही दोष नाही, त्याला रोज मिळतो तेवढाच, आणि उघड्या हाताने ते सिमेंट घासून त्याची बोटं सोललेली होती ती मी स्वतः बघितली. वरचे 34 हजार कोणाच्या खिशात गेले ते स्पष्ट आहे.

पुढचं ऐका, कारण फसवणूक इथे थांबत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर मी फोटो टाकल्यावर ठेकेदार स्वतः आला आणि म्हणाला ताई, मी फ्री मजुरीत सगळे जॉइंट एकसारखे करून देतो, फक्त मटेरियलचे सहा हजार द्या. मटेरियल म्हणजे काय तर जॉइंटवर वरून मारायचा रंग. आम्ही दिले नाहीत. पण ज्या दोन घरांचं मी वर सांगितलं त्यातल्या एकांनी हे करून घेतलं होतं, त्यांच्या किचनमध्ये तो रंग पापुद्र्यासारखा सुटतोय आणि खालून तेच पांढरट सिमेंट दिसतंय. चांगल्या प्रतीचे ग्राउट कलरंट असतात, पण खालचं सिमेंटच भुसभुशीत असेल तर वर काहीही मारा, टिकत नाही.

आता ते 28 किलो. हे मला सगळ्यात जास्त लागलं, कारण त्याने समजा खरं एपॉक्सी वापरलं असतं तरी आकडा खोटाच होता. ग्राउट किती लागणार हे काढता येतं. टाइलची लांबी आणि रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, त्यांची बेरीज भागिले त्यांचा गुणाकार, मग गुणिले टाइलची जाडी, गुणिले फटीची रुंदी, गुणिले साधारण 1.6. उत्तर येतं एका चौरस मीटरला किती किलो. आमच्या टाइल्स 600 बाय 600, जाडी 9, स्पेसर, म्हणजे फट सारखी राहावी म्हणून मध्ये ठेवायचा तुकडा, 3 चा. म्हणजे 1200 भागिले 360000, गुणिले 9, गुणिले 3, गुणिले 1.6, आलं 0.144. आमची फरशी 600 स्क्वेअर फूट म्हणजे सुमारे 56 चौरस मीटर, एकूण 8 किलो. वाया जाणारं धरून 10 म्हणा. बाथरूमच्या छोट्या टाइल्सना जास्त लागतं कारण जॉइंट जास्त, पण दोन्ही बाथरूमच्या फरशा मिळून दोन किलोच्या वर जात नाही, आणि भिंतींचं ग्राउट यात नव्हतंच. 28 कुठून आले? दुकानदारही बॉक्सवर बघून हा हिशोब सांगतो, टाइलचा साइज आणि स्पेसर तेवढा सांगा.

अजून एक सांगते, नाहीतर उगाच गैरसमज होईल. सिमेंटचं ग्राउट वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. कंपनीचं रेडीमेड पॉलिमरवालं ग्राउट हॉल-बेडरूमला छान चालतं आणि एपॉक्सीच्या मानाने खूपच स्वस्त पडतं, त्याच्यावर शेड नंबर असतो आणि सगळी पाकिटं एकाच बॅचची घेतली तर रंगही एकसारखा येतो. आमच्याकडे तेही वापरलं नाही, सुटं व्हाइट सिमेंट आणि सुटा ऑक्साइड, म्हणजे रंगाची पूड. एपॉक्सी खरं लागतं ते बाथरूम, ओट्याच्या आसपास, ड्राय बाल्कनी अशा ठिकाणी. तेवढंच करा, पैसे पण वाचतात.

शेड ठरवताना कार्डावर भागवू नका. उरलेल्या दोन टाइल्स पुठ्ठ्यावर चिकटवून, मध्ये तोच स्पेसर ठेवून, त्याच डब्यातला माल भरून घ्या आणि दुसऱ्या दिवशी वाळल्यावर बघा. रंगही कळतो आणि माल काय आहे तेही कळतं. हा तुकडा जपून ठेवा, पुढे वाद झाला तर हाच दाखवता येतो. शेड आउट ऑफ स्टॉक आहे, त्याच रंगाचा दुसरा आणतो असं कोणी म्हटलं तर काम थांबवा, नवीन सॅम्पल मागा. बॉक्स तुम्ही स्वतः दुकानातून आणा, सील तुमच्यासमोर फोडायला सांगा, रिकामे डबे काम संपेपर्यंत टाकू देऊ नका आणि मोजून बघा. बऱ्याच कंपन्या बॉक्सवर ग्राउटचा वर्ग छापतात, सिमेंटचं असेल तर सीजी आणि एपॉक्सी असेल तर आरजी, तेही बघून घ्या. घरी कोणी ज्येष्ठ माणूस बसणार असेल तर त्यांना एवढंच सांगून ठेवा की माल कालवताना पाणी पडलं की लगेच फोन करा आणि व्हिडिओ काढा.

आमची तक्रार सध्या चालू आहे. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली, त्याने ठेकेदारावर फारसा फरक पडला नाही. मग वकिलामार्फत नोटीस पाठवली, त्यात एस्टिमेटचा कागद, यूपीआयचे स्क्रीनशॉट, थेंबाच्या चाचणीचे व्हिडिओ आणि त्या सिव्हिलवाल्या सहकाऱ्यांचं लेखी मत जोडलं. नोटीस मिळाल्यावर त्याचा फोन आला, 12 हजार परत देतो म्हणाला आणि दिलेही. बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते, त्यामुळे ज्यांच्याकडे कागद आहेत त्यांनी वेळ घालवू नका. रोख दिलं असेल तर निदान व्हॉट्सअ‍ॅपवर रकमेची कबुली लिहून घ्या.

दोन्ही बाथरूमचं ग्राउट आम्ही काढून नव्याने एपॉक्सी भरून घेतलं. काढायचं काम किचकट आहे, ग्राइंडर लावला तर टाइलच्या कडा उडतात, आमच्या दोन उडाल्या, मग नंतर बारीक ब्लेडच्या ऑसिलेटिंग, म्हणजे ब्लेड थरथरवणाऱ्या, मशीनने केलं. फटीतलं जुनं निदान दोन तृतीयांश खोलीपर्यंत निघायला हवं, नाहीतर नवीन धरत नाही. हॉल आणि बेडरूमचं अजून बाकी आहे, आयोगाकडून कोणी बघायला आलं तर पुरावा जागेवर असावा म्हणून मुद्दाम तसंच ठेवलंय. कोणाला नोटिशीचा मसुदा किंवा हिशोबाचा कागद हवा असेल तर मागा, मी पाठवते.