जाळ्या बसल्या, डक्ट आलाच नाही

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील आमचे घर 1967 सालचे आहे. वर कौले, कौलांखाली माळा आणि त्याखाली 2013 मध्ये केलेले फॉल्स सीलिंग. त्याच वर्षी हॉल आणि दोन खोल्यांसाठी साडेपाच टनांचा डक्टेबल एसी, म्हणजे एकाच यंत्रातली थंड हवा डक्टमधून (पत्र्याच्या चौकोनी नळातून) खोल्यांत नेणारा, बसवला होता. थंड हवा तिन्हीकडे पोहोचत असे, पण ती यंत्राकडे परत नेणारी वाट एकच होती, हॉलमधील दोन फूट बाय एक फुटाची जाळी. खोल्यांची दारे लावली की हवा आतच कोंडत असे आणि दाराच्या फटीतून शीळ वाजत असे. म्हणून गेल्या मार्चमध्ये ही परतीच्या हवेची, म्हणजे रिटर्नची, व्यवस्था सुधारून घेण्याचे ठरवले.

कंत्राटदाराने दोष अगदी बरोबर ओळखला आणि त्यामुळेच आमचा विश्वास बसला. एका टनाला मिनिटाला साधारण 400 घनफूट हवा लागते, म्हणजे आमच्या यंत्राला 2200, आणि फिल्टरच्या जाळीच्या एका चौरस फुटातून जेमतेम 300 घनफूट सुखाने जाते, तेव्हा निदान सात चौरस फूट जाळी हवी, असे त्याने वहीच्या पानावर मांडून दाखवले. तो हिशेब मला आजही चुकीचा वाटत नाही. हॉलची जाळी मोठी करणे, खोल्यांत छताजवळ भिंतीवर दोन नव्या जाळ्या आणि माळ्यावरून 24 गेज पत्र्याचा 185 चौरस फूट डक्ट, वर इन्सुलेशन, असे 1,32,000 रुपयांचे अंदाजपत्रक झाले. “धूळ लई होणार सर, तुम्ही नसलेलंच बरं,” असे म्हणून त्याने आम्ही लग्नासाठी सांगलीला जाणार होतो तेच तीन दिवस निवडले. परतलो तेव्हा जाळ्या चकाचक होत्या, माळ्याचे झाकण पीओपीने बंद करून रंगवलेले होते, आणि मी राहिलेले पैसे देऊन टाकले.

एप्रिलमध्ये एसी अर्धा तास गार हवा देई, मग झोत मंदावत जाई. हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळ्यावर, म्हणजे कॉइलवर, बर्फ जमलेला दिसला. “गॅस कमी झालाय,” असे सांगून त्याच्या माणसाने 4,500 रुपये घेतले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच निदान आणि तेवढेच पैसे. गॅस बंद नळ्यांत फिरतो, वापराने संपत नाही. तो खरोखर कमी असेल तर कुठेतरी गळती असते आणि ती आधी शोधावी लागते. कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही तरीही बर्फ धरतो. एवढे मला दुसऱ्यांदा पैसे दिल्यानंतर कळले.

खरा प्रकार आईने उघडकीस आणला. दिवेलागणीला ती उदबत्ती घेऊन सर्व खोल्यांतून फिरते. मागच्या खोलीत नव्या जाळीखाली ती थांबली. एसी चालू असूनही धूर जाळीसमोरून सरळ वर चालला होता. “ही काय ओढत नाही रे,” ती म्हणाली. मी चार स्क्रू काढून जाळी उतरवली. मागे चुन्याच्या गिलाव्याची जुनी भिंत जशीच्या तशी होती आणि तिच्यावर भोकासाठी पेन्सिलने आखलेला चौकोन होता. दुसऱ्या खोलीतही तेच. हॉलच्या मोठ्या जाळीमागे भोक जुनेच, दोन बाय एकचे. झाकण फोडून माळ्यावर चढलो, तर नवा पत्रा एक फूटही नव्हता.

असे काम काढणाऱ्यांनी सीलिंग बंद होण्यापूर्वी स्वतः माळ्यावर जावे, डक्टचा घेर आणि लांबी मोजून त्यांचा गुणाकार बिलातील चौरस फुटांशी ताडून पाहावा, आणि मोजायची टेप लावून फोटो काढून ठेवावेत. 24 गेजचा पत्रा साधारण 0.63 मिलिमीटर असतो, 0.5 भरला तर तो 26 गेज समजावा. यंत्र चालू करून प्रत्येक रिटर्न जाळीला पातळ कागद लावावा, तो चिकटून राहिला पाहिजे, आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्यावा.

स्पीड पोस्टाने पाठवलेल्या नोटिशीला उत्तर आले नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तेथे शुल्क लागत नाही, मात्र तक्रार करण्याची मुदत दोनच वर्षांची असते. खोल्यांतील जाळ्या मी पुन्हा त्याच चार-चार स्क्रूंवर लावून ठेवल्या आहेत. रंगाऱ्याला पेन्सिलचा चौकोन पुसू दिलेला नाही.