ठोका यंत्राचा, रेष हाताची: ‘टेक ऑन मी’चा व्हिडिओ

‘टेक ऑन मी’ या गाण्याच्या व्हिडिओत हॉटेलात बसून कॉमिक वाचणाऱ्या एका मुलीला त्यातला शर्यतवाला नायक, म्हणजे गायकच, हात पुढे करून चित्रांच्या दुनियेत ओढून घेतो. तिथे एक रिकामी चौकट आहे, आरशाच्या फ्रेमसारखी. तिच्यातून पाहिलं तर माणसं हाडामांसाची दिसतात आणि तिच्या बाहेर तीच माणसं पेन्सिलीची. गायक आणि मुलगी या चौकटीच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांना न्याहाळतात, जागा बदलतात आणि दर वेळी कोण खरं, कोण चितारलेलं हेही बदलतं. सिंथपॉप म्हणा, इलेक्ट्रोपॉप म्हणा, इलेक्ट्रॉनिक वाद्यांवरच्या या जातीच्या पॉप गाण्यांचे व्हिडिओ ढिगाने आहेत. पण इतक्या साध्या कल्पनेतून इतकं काम काढून घेणारा दुसरा सापडणं कठीण.

आ-हा या नॉर्वेच्या त्रिकुटाचं हे गाणं १९८४ मध्ये पहिल्यांदा आलं तेव्हा त्याचा व्हिडिओ अगदीच सरधोपट होता. निळ्या पार्श्वभूमीवर तिघं गातायत, वाजवतायत, बस्स. ब्रिटनमध्ये गाणं पडलं. मग निर्माता अ‍ॅलन टार्नीसोबत ते नव्याने रेकॉर्ड झालं आणि १९८५ मध्ये स्टीव्ह बॅरनने हा व्हिडिओ दिग्दर्शित केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि १९८६ मध्ये व्हिडिओने एमटीव्हीचे सहा पुरस्कार नेले.

तंत्र रोटोस्कोपिंगचं. आधी खऱ्या माणसांना घेऊन चित्रीकरण करायचं, मग फिल्मची एकेक फ्रेम कागदावर गिरवायची. मायकेल पॅटरसन आणि कँडेस रेकिंगर यांनी अशा सुमारे ३,००० फ्रेम केल्या, १६ आठवड्यांत. म्हणजे एकही सुट्टी न घेता रोज सव्वीस-सत्तावीस! आणि नुसतं गिरवून भागत नाही. चौकटीच्या प्रसंगात चित्र कुठे संपतं आणि फिल्म कुठे सुरू होते, ती कड प्रत्येक फ्रेममध्ये जुळावी लागते. ती केसभर सरकली तरी डोळा लगेच पकडतो आणि जादू संपते. इथे ती सरकत नाही.

खरी मजा रेषेत आहे. एकच गाल सलग दोन फ्रेममध्ये हाताने गिरवला की रेघ किंचित वेगळ्या जागी पडते, म्हणून चेहरा स्थिर असला तरी रेषा सळसळत राहतात. अ‍ॅनिमेशनवाले याला ‘बॉइल’ म्हणतात, रेष उकळते म्हणून. ती जास्त उकळली तर चेहरा ओळखू येत नाही आणि फारच गुळगुळीत केली तर मोबाइलच्या फिल्टरसारखी दिसते. पॅटरसन-रेकिंगर चेहऱ्याची बाह्यरेषा बरीच धरून ठेवतात आणि सळसळ सावलीच्या आडव्यातिडव्या रेघोट्यांवर सोडतात. नायक पानातून डोळा मारतो तो क्षण थांबवून बघा.

आता याखाली गाणं काय करतंय ते ऐका. मिनिटाला सुमारे १६९ ठोके, ड्रम मशीनचे. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर एका ठोक्याला साडेआठ. ठोका तसूभर ढळत नाही आणि त्यावर पेन्सिलीची रेष एक क्षण स्वस्थ बसत नाही. कानाला यंत्र, डोळ्याला हात. गायक मॉर्टन हार्केटचा आवाज अडीच सप्तकं चढत जातो तेव्हा तोही त्या हाताच्याच बाजूने उभा राहतो. हा व्हिडिओ म्हातारा झालेला नाही तो यामुळे, नॉस्टॅल्जियामुळे नाही.

बघायचा तर २०१९ मध्ये ‘फोर-के’त, म्हणजे जास्त स्पष्ट चित्रात, नव्याने तयार केलेली आवृत्तीच बघा, जुन्या अस्पष्ट प्रतींमध्ये रेघोट्यांचा राखाडी चिखल होतो. टीव्हीवर लावत असाल तर ‘मोशन स्मूदिंग’ आधी बंद करा. दोन फ्रेमच्या मध्ये टीव्ही स्वतःच्या मनाने फ्रेम घालतो आणि नेमकी ती सळसळच पुसून टाकतो. चित्र ४:३ मापाचं आहे, तेव्हा ‘झूम’ करून पडदा भरायला जाऊ नका, डोकी कापली जातात. कॉम्प्युटरवर यूट्यूब असेल तर व्हिडिओ थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी एकेक फ्रेम मागेपुढे नेता येते. चौकटीच्या प्रसंगाला हे जरूर करा.

खोट काढायचीच तर खलनायकांत. पाना घेऊन मागे लागणारे ते दोन शर्यतवाले नुसते पाठलागापुरते आहेत. पण त्याच गडबडीत हॉटेलवाली बाई, पोरगी बिल न देता पळाली समजून, कॉमिक चुरगाळते आणि कचऱ्यात फेकते, आणि संकट कथेबाहेरून थेट कागदावर येतं. त्या एका युक्तीसाठी खलनायक माफ.

शेवटी नायक अर्धा माणूस, अर्धी पेन्सिल असा मुलीच्या घरातल्या बोळाच्या भिंतींवर स्वतःला आपटत राहतो. याच मंडळींच्या ‘द सन ऑलवेज शाइन्स ऑन टीव्ही’ या व्हिडिओच्या सुरुवातीला तो पुन्हा पेन्सिलीचा होतो आणि पळून जातो. तो लगोलग लावू नका, निदान एक दिवस जाऊ द्या.