ऑक्टाव्हियाला जीएफबीचा डीव्ही प्लस बसवला, त्याचा रिव्ह्यू

ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, म्हणजे टर्बोची दाबलेली जास्तीची हवा बाहेर सोडणारी झडप, म्हटलं की सगळ्यांना आधी तो 'पिश्श्श' आवाजच आठवतो, आणि दुकानवालेपण तोच विकतात. माझी गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय, १८० पीएस, २५० एनएम, ७ स्पीड डीएसजी, आपल्या संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जुळवलेली. हिला जीएफबी या ऑस्ट्रेलियन कंपनीचा डीव्ही प्लस, म्हणजे हवा बाहेर न सोडता आतच वळवणारा डायव्हर्टर व्हॉल्व्ह, बसवून घेतलाय आणि मी जाम खूश आहे, पण आवाज पाहिजे असेल तर पैसे काढायच्या आधी पुढचं वाचा.

आपण ॲक्सिलरेटर सोडला की थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, बंद होतो, पण इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो अजून लाखभर आरपीएमच्या घरात फिरतच असतो, मग दाबलेली हवा जाणार कुठे, ती उलटी कंप्रेसरवर, म्हणजे टर्बोच्या हवा दाबणाऱ्या पंख्यावर येते. ते होऊ नये म्हणून कंपनीनेच डायव्हर्टर व्हॉल्व्ह दिलेला असतो, तो हवा परत इनटेकमध्ये, म्हणजे टर्बोच्या आधीच्या नळीत सोडतो. स्टॉकमध्ये, म्हणजे कंपनीच्या व्हॉल्व्हमध्ये, सोलेनॉइड (विजेवर चालणारी कॉइल) थेट पिस्टन ओढतो, म्हणजे पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद, मधलं काही नाही. डीव्ही प्लसमध्ये सोलेनॉइड फक्त छोट्या भोकातला दाब सोडतो आणि पितळेचा पिस्टन बूस्टच्या, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेच्या, दाबानेच हलतो, त्यामुळे गरजेपुरताच उघडतो.

फरक कुठे कळतो? सिटीत फारसा नाही, खरं सांगतो. पण खंबाटकीत वळणाआधी पाय अर्धा उचलून लगेच परत दाबला की आधी जी क्षणभर पोकळी यायची ती आता जवळजवळ येत नाही, गाडी लगेच ओढते. पॉवर मात्र वाढत नाही, बूस्ट किती द्यायचा ते ईसीयूच, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरच ठरवतो, हे कुणी वेगळं सांगत असेल तर तिथून निघा.

आवाज म्हणाल तर बाहेर काहीच नाही, कारण हवा आतल्या आतच फिरते. एका दुकानात मला आधी स्पेसर प्लेट (व्हॉल्व्हखाली बसवायची चकती) गळ्यात मारायला बघत होते, 'साहेब साऊंड येईल'. स्पेसरने थोडी हवा बाहेर सुटते आणि आवाज येतो हे खरंय, पण ज्या गाडीत आत येणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर आहे तिथे ती हवा मोजून झालेली असते, ईसीयू तेवढं पेट्रोल टाकतो आणि हवा तर गेलेली, मग गिअर बदलताना गाडी झटके देते, काळा धूर मारते. डिझेलवाल्यांनो, तुमच्या गाडीत पेट्रोलसारखा थ्रॉटल बंद होत नाही, तुम्हाला जे किट विकतात ते निव्वळ आवाजाचं आहे. आणि गाडीत बदल करण्याबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ पण लक्षात असू द्या, वॉरंटी चालू असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

फिटिंग भोसरीच्या एका गॅरेजमध्ये केलं, मजुरी दीड हजार. टर्बो गार होईपर्यंत त्यांनी गाडीला हात लावला नाही, हे मला फार आवडलं. व्हॉल्व्ह टर्बोवरच असतो, तीन छोटे बोल्ट आणि एक कनेक्टर, काम एवढंच, पण हात घालायला जागा अजिबात नाही. जुन्या व्हॉल्व्हची कॉइल तीच वापरायची, आतला पिस्टन आणि स्प्रिंग तेवढी काढायची. माझ्या जुन्या पिस्टनची कडा एका बाजूने घासलेली नखाला लागत होती. ओ-रिंगला बोटाने ग्रीस लावून बसवली, आणि बोल्ट आधी हाताने फिरवून मग टॉर्क रेंचने आवळले, कारण समोर ॲल्युमिनियम आहे, आटे गेले तर खर्च व्हॉल्व्हपेक्षा मोठा. जुने पार्ट्स पिशवीत घालून परत दिले, ते टाकू नका, गाडी विकताना स्टॉक करून द्यायला लागतात.