श्वसन? वीस लिही!

मी नवी मुंबईतल्या दिघ्याची. पप्पा रबाळे एमआयडीसीत पॅकिंगला आहेत. बारावी आर्ट्सला 58 टक्के पडले, नर्सिंग करायचं ठरलं, पण नेमके फॉर्म भरायचे दिवस आजीच्या आजारपणात गावाला गेले. परत आले तर जिथे जावं तिथे एकच उत्तर, अ‍ॅडमिशन संपल्या. अशात रिक्षाच्या मागे चिकटवलेला कागद दिसला. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. थेट प्रवेश, फी हप्त्याने, नोकरीची हमी.

कोपरखैरणेत एका बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. मॅडम गोड होत्या. "आर्ट्स असलं तरी चालतं गं," म्हणाल्या. नंतर कळलं, त्यांच्या तोंडून निघालेलं तेवढंच एक खरं होतं. जीएनएमला शाखा कुठलीही चालते, बारावीला इंग्रजी आणि किमान 40 टक्के लागतात. आईने बचत गटातून उचल घेतली आणि 45 हजार रोख भरले. पावतीवर कुठल्याशा ट्रस्टचं नाव आणि खाली 'देणगी'. पप्पांनी विचारलंसुद्धा, देणगी का म्हणून? "ट्रस्टचं असंच असतं काका." गुणपत्रिका आणि कॉलेजचा दाखला, दोन्ही ओरिजिनल, 'व्हेरिफिकेशन'साठी ठेवून घेतले. तिथेच उठायला हवं होतं. पण आम्ही उलट हात जोडून आभार मानून आलो.

लोक मला विचारतात, चार महिने तुला कळलं कसं नाही? अहो, कसं कळणार! पहिल्या वर्षात काय शिकवतात हे मी कुठे पाहिलं होतं? भिंतीवर सांगाड्याचं पोस्टर होतं, एका हाताचा पुतळा होता, पांढरा कोट मिळाला होता. प्लायवूडच्या टेबलावर चादर घालायला शिकवली, कडा नुसत्या आत कोंबायच्या. नाडी 15 सेकंद मोजून चारने गुणायची. श्वास कसा मोजायचा म्हणून एकीने विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, "श्वसन? वीस लिही. सगळ्यांचं वीसच असतं." आम्ही अकरा जणींनी ते वहीत उतरवून घेतलं.

तिसऱ्या महिन्यात 'क्लिनिकल' सुरू झालं. म्हणजे घणसोलीच्या एका 12 खाटांच्या नर्सिंग होममध्ये रात्री आठ ते सकाळी आठ. बेडपॅन, लादी, सलाइन संपलं की सिस्टरला हाक, आणि पहाटे रिसेप्शनचा फोन. पगार नाही, कारण आम्ही 'विद्यार्थिनी'. त्यांच्या दोन मावश्यांचा पगार आमच्यावर वाचत होता, हे गणित मला आता येतं. तेव्हा सकाळच्या गाडीत कोट घालून बसले की बायका सरकून जागा द्यायच्या, त्यातच मी खूश.

तिथे कोल्हापूरकडच्या एक स्टाफ सिस्टर होत्या. एका रात्री मी चादर घालत असताना बघत उभ्या राहिल्या.

"कोपरे असे कुणी शिकवले तुला?"

मग एकेक विचारत गेल्या. लॉगबुक कुठंय? बोर्डाकडे नाव गेलं का? अ‍ॅनाटॉमी कोण शिकवतं? तुमचं पेरेंट हॉस्पिटल कुठलं? मला पेरेंट म्हणजे पालक एवढंच माहीत. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "बाळा, हे जीएनएम नाही."

त्या रात्री त्यांनी सांगितलं ते तसंच्या तसं लिहिते. जीएनएम तीन वर्षांचं, त्याच्या खालचा नर्सिंग कोर्स एएनएम दोन वर्षांचा. वर्षभरात किंवा घरबसल्या नर्स करून देतो म्हणणारा खोटा. जीएनएमच्या कॉलेजला किमान 100 खाटांचं स्वतःचं, म्हणजे पेरेंट, हॉस्पिटल लागतं. ते कुठंय ते विचारा आणि जाऊन बघा. परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, आणि पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. मान्यता असलेल्या कॉलेजांची यादी इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या वेबसाइटवर असते. आमच्या त्या दोन खोल्या कुठल्याच यादीत नव्हत्या. कोर्सचं खरं नाव फॉर्मच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात होतं: 'रुग्ण सहायक'. मावशीचं काम हलकं असं मला म्हणायचं नाही, पण त्यासाठी कोणी 45 हजार मोजत नाही.

पैसे मागायला गेलो तेव्हा मॅडम गोड राहिल्या नाहीत. देणगी परत मिळत नसते म्हणे. कागद हवे असतील तर उरलेली फी भरा. शेजारचे काका पालिकेत आहेत, ते बरोबर आले आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. दाखला मिळाला, गुणपत्रिका 'सापडत नाही'. ती शेवटी वाशीच्या बोर्डातून दुय्यम काढली. पैसे गेले ते गेले. आईचे हप्ते अजून चालू आहेत. अकरापैकी चौघी तर तिथेच राहिल्या, एवढे भरलेत तर पूर्ण करू म्हणून. त्यांना फोन करते, उचलत नाहीत.

यंदा वेळेत फॉर्म भरला आणि ठाण्याच्या बाजूला खऱ्या जीएनएमला लागले. पहिल्याच आठवड्यात ट्यूटरनी माझी घातलेली चादर एका झटक्यात ओढून काढली. कड वर उचलून गादीवर त्रिकोण करायचा, खाली लोंबतं ते आत, मग त्रिकोण खाली घेऊन तोही आत. मला इतर मुलींपेक्षा जास्त वेळ लागला. त्यांचे हात कोरे होते, माझ्या हाताला ती जुनी सवय.

परवा वॉर्डात पहिल्यांदा टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास, घेतला. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, बोटं तशीच ठेवायची आणि नजर हळूच छातीकडे न्यायची. आपला श्वास मोजतायत हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो. समोर साठीच्या आजी होत्या, माझ्याकडे बघून हसत होत्या. मी घड्याळात पूर्ण एक मिनिट मोजलं. सतरा आले.