स्वतःचा गाळा की जॉबवर्क?

दादरच्या बाजारात कापडी पिशव्या विकणाऱ्या एका परिचित ताईंपुढे पेच आहे: धारावीत गाळा भाड्याने घेऊन स्वतः शिलाई सुरू करावी, की आपले कापड देऊन शिलाईचे काम पूर्वीप्रमाणे बाहेरून, म्हणजे जॉबवर्कने, करून घ्यावे?

कापडाचा खर्च दोन्हीकडे सारखाच असल्याने फरक शिलाईत पडतो. समजा, भाडे, वीज आणि कारागिरांचे पगार मिळून महिन्याला ६०,००० रुपये आणि दोऱ्यासारखा किरकोळ खर्च नगामागे १० रुपये येतो, तर जॉबवर्कचा दर ४० रुपये आहे. मग नगामागे वाचणाऱ्या ३० रुपयांतून ६०,००० भरून निघायला दरमहा २,००० पिशव्या खपाव्या लागतात. मागणी घटली तरी भाडे आणि पगार थांबत नाहीत, हा मुद्दा मला सर्वांत निर्णायक वाटतो.

दर्जावर देखरेख आणि नव्या नमुन्याची गुप्तता मात्र स्वतःच्या गाळ्यातच नीट राखता येते. जॉबवर्कमध्ये चलनांची (माल पाठवल्याच्या कागदपत्रांची) शिस्त हवी, कारण जीएसटी कायद्यानुसार पाठवलेला कच्चा माल साधारणपणे एका वर्षाच्या आत परत यावा लागतो.

वर्षभर ठरलेले मोठे ग्राहक असणाऱ्यांनी गाळा जरूर घ्यावा. ताईंची विक्री गणपती ते दिवाळी एवढ्याच काळात एकवटलेली असल्याने त्यांच्यासाठी तूर्त जॉबवर्कच योग्य आहे.