बिल डिस्काउंटिंग लिमिट: पैसे लवकर मिळतात, पण ड्यू डेट स्वतः मोजा

साडेतीन स्टार. शिरोली एमआयडीसीत आमचं मशीनिंगचं छोटं युनिट आहे, पार्ट्या सगळ्या ९० दिवसांच्या उधारीवाल्या, सीसी (बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाची उचल) कायम तुंबलेली, म्हणून बँकेत बिल डिस्काउंटिंगची लिमिट करून घेतली. बँकेचं नाव टाकत नाही, परत त्याच काउंटरला जायचंय.

काम सोपं आहे. आपण पार्टीवर बिल काढायचं, म्हणजे ३ महिन्यांनी एवढी रक्कम द्या असा बिनशर्त लेखी हुकूम, पार्टीनं त्यावर ॲक्सेप्टेड म्हणून सही मारायची, मग आपण ते बँकेला एंडॉर्स करायचं, म्हणजे मागं सही करून बँकेच्या नावे करायचं, की बँक व्याज आधीच कापून बाकीचे पैसे खात्यात टाकते. ४ लाखाच्या बिलाला वर्षाला १२ टक्क्यानं ३ महिन्यांचे साधारण १२ हजार गेले, वर ग्रेसच्या (मुदतीनंतर कायद्यानं मिळणाऱ्या जादा) ३ दिवसांचं व्याज, प्रोसेसिंग चार्ज आणि त्या चार्जवर जीएसटी. चार्जेसचा कागद मागितल्याशिवाय कुणी देत नाही, त्याचा अर्धा स्टार कापला.

एका गोष्टीला मात्र मानलं. पार्टीच्या अकाउंट्सवाल्यानं सहीच्या वर लिहून पाठवलं, ‘माल क्यूसी पास झाल्यावर देय’, म्हणजे क्वालिटी तपासणीत माल पास झाला तरच पैसे. मला वाटलं चालून जाईल, पण बिल डेस्कच्या मॅडमनी बघताक्षणी परत केलं. म्हणाल्या, अशी अटीची स्वीकृती आम्ही तुमच्या संमतीशिवाय घेतली तर तुमच्यावरचा आमचा हक्क जातो, आणि उद्या पार्टी क्यूसीवर बोट ठेवून पैसे अडकवणार ते वेगळंच. पार्टीला विचार करायला कायद्यानं सुट्ट्या सोडून ४८ तास असतात, तेवढ्यात कोरी स्वीकृती आली. हे बघणारा माणूस डेस्कला असेल तर निम्मी कटकट तिथंच मिटते बघा.

आता तक्रार. बिल १२ मे २०२५ चं, मुदत ३ महिने, म्हणजे १२ ऑगस्ट, त्यात ग्रेसचे ३ दिवस धरले की १५ ऑगस्ट. सुट्टी. १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट सरळ सांगतो की ड्यू डेट सुट्टीला आली तर बिल आदल्या कामाच्या दिवशी ड्यू होतं, म्हणजे १४ ऑगस्ट. यांच्या सिस्टिमनं १६ घातलेली! काउंटरवरचा पोरगा म्हणतो, सर सिस्टिमच घेते तसं, आणि एका दिवसानं काय होतंय. होतंय की. बिल वेळेत प्रेझेंट केलं नाही तर ॲक्सेप्टर (स्वीकारणारी पार्टी) सुटत नाही, पण ड्रॉवर (बिल काढणारा) आणि एंडॉर्सर (बिल पुढं देणारा) सुटू शकतात, म्हणजे गळफास बँकेच्याच गळ्यात. शेवटी त्याच मॅडमनी तारीख दुरुस्त करून दिली, पण मी बोललो नसतो तर गेलंच होतं १६ वर. उरलेला एक स्टार इथं गेला.

आणि एक गोष्ट लिमिट देताना कुणी तोंडानं सांगत नाही, ती ॲग्रीमेंटच्या बारीक अक्षरात सापडते. हे डिस्काउंटिंग विथ रिकोर्स आहे. पार्टीनं पैसे नाही दिले तर बँक डिसऑनरची (बिलाचे पैसे आले नाहीत अशी) नोटीस देऊन तुमचंच खातं डेबिट करणार, मग तुम्ही आणि पार्टी बघून घ्या. लोक म्हणतात १३८ (त्याच कायद्यातलं चेक बाउन्सचं कलम) लावू, पण भावांनो १३८ चेकसाठी आहे, बिल बाउन्स झालं म्हणून कुणी जेलात जात नाही. रस्ता आहे तो ऑर्डर ३७ च्या समरी सूटचा, म्हणजे दिवाणी कोर्टातल्या झटपट वसुली दाव्याचा. बिलावर व्याजदर लिहिला नसेल तर ड्यू डेटपासून १८ टक्के मागता येतं. नोटरीकडून नोटिंग (पैसे मिळाले नाहीत अशी बिलावर नोंद) करून ठेवलेलं बरं, पुराव्याला बळ येतं.

ट्रेड्स (TReDS, छोट्या उद्योगांची बिलं ऑनलाइन डिस्काउंट करायचा प्लॅटफॉर्म) बघितलं का असं बरेच जण विचारतात. बघितलं. तिथं विदाउट रिकोर्स आहे, पैसे नाही आले तरी आपल्या अंगावर येत नाही, आणि दर पण फायनान्सरांच्या बोलीतून ठरतो. २५० कोटींवर टर्नओव्हर असलेल्या कंपन्यांना तिथं नोंदणी आता बंधनकारक केलीय. माझी पार्टी तेवढी मोठी नाही, ती तिथं येईना, म्हणून बँक. तुमची पार्टी तिथं असेल तर आधी तेच करा.

पार्टी पक्की असेल तर ही लिमिट घ्यायला हरकत नाही. लटकवणारी पार्टी असेल तर रोख द्या नाहीतर ॲडव्हान्स द्या म्हणून सांगा, असलं बिल बँकेत टाकून व्याज भरत बसू नका. ब्रँचला जाणार असाल तर बिल डेस्कला जेवणाच्या सुट्टीआधी गाठा, दुपारनंतर मॅडम क्लिअरिंगला बसतात आणि मग तो सिस्टिमवाला पोरगाच भेटतो.