सी भरली, डी रिकामी: जीपार्टेड लाइव्ह आठ महिने वापरल्यावर

एक टीबीची हार्ड डिस्क, त्यात सीला शंभर जीबी आणि उरलेलं सगळं डीला. असेंबल केलेला पीसी घरी येतो तेव्हा बहुतेक वेळा वाटणी अशीच करून दिलेली असते. दोन-तीन वर्षांत विंडोजचे अपडेट, डाउनलोड्सचं फोल्डर आणि डेस्कटॉपवर साठत गेलेल्या फाइल मिळून सीची पट्टी लाल होते. शेजारी डीमध्ये मात्र पावणेसातशे जीबी मोकळे पडलेले असतात. यावर फॉरमॅट मारणं हा उपाय नाही. वाटणी बदलता येते, तीही फुकट, फक्त क्रम चुकता कामा नये.

आठ महिन्यांत जीपार्टेड लाइव्ह (पेन ड्राइव्हवरून चालणारं, डिस्कचे भाग म्हणजे पार्टिशन बदलणारं साधन) तीन प्रकारच्या मशीनवर वापरून झालं: एक टीबी हार्ड डिस्कचा जुना डेस्कटॉप, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडीचा लॅपटॉप, आणि विंडोज-उबंटू दोन्ही असलेली २४० जीबीची साटा एसएसडी. मत आधीच सांगतो. पार्टिशन सरकवायला यापेक्षा भरवशाचं मोफत साधन माझ्या माहितीत नाही. पण सी लहान करायची असेल तर ते काम विंडोजलाच करू द्यावं. दोन्हींची कामं वाटून दिली की त्रास निम्मा होतो.

विंडोजचं स्वतःचं डिस्क मॅनेजमेंट का पुरत नाही ते आधी बघू. त्यात डी लहान केली की मोकळी जागा डीच्या उजवीकडे निघते. सी वाढवायला मात्र जागा सीच्या उजव्या कडेला चिकटून लागते. मधे डी बसलेली, म्हणून ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ करडं दिसतं. लोकलच्या बाकावर चौथी सीट हवी असेल तर बसलेल्यांना सरकावं लागतं, नुसती खिडकीशी जागा असून भागत नाही. डीला उजवीकडे सरकवणं डिस्क मॅनेजमेंटला जमत नाही, जीपार्टेडला जमतं. त्याच खिडकीत कधी कधी डिस्क ‘डायनॅमिक’ करू का असं विचारलं जातं. तिथे नाहीच म्हणा. एकदा डायनॅमिक झाली की जीपार्टेडला त्या डिस्कवर काही करता येत नाही.

जुन्या एमबीआर (वाटणी नोंदवण्याची जुनी पद्धत) डिस्कवर आणखी एक अडचण असते. डी आणि ई बहुतेकदा लॉजिकल असतात, म्हणजे एका एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटात. डीची डावी कड सरकवून सुटलेली जागा त्या पोटातच राहते, म्हणून सीला ती दिसत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये अशी जागा हिरव्या पट्टीची आणि खरी मोकळी जागा काळ्या पट्टीची, हा फरक लक्षात ठेवा. क्रम असा: आधी डी, मग एक्स्टेंडेडची डावी कड उजवीकडे (यात डेटा हलत नाही, काही सेकंदांचं काम), मग सीची उजवी कड.

या कामाचा जीव डाव्या कडेत आहे. पार्टिशनची उजवी कड हलवणं म्हणजे नुसती हद्द बदलणं, फार तर शेपटाकडच्या काही फाइल आत घेणं. डावी कड हलली की फाइल सिस्टिमची (पार्टिशनमधल्या फाइलींच्या मांडणीची) सुरुवातच हलते, आणि सगळं पार्टिशन उचलून दुसरीकडे ठेवावं लागतं. जीपार्टेड ते ब्लॉकमागून ब्लॉक कॉपी करतं आणि रिकामे ब्लॉकही उचलतं. डीत फक्त १५० जीबी भरलेले असले तरी पार्टिशन ८३० जीबीचं असेल तर जवळपास तेवढं सगळं हलतं. एकाच हार्ड डिस्कवर वाचायचं आणि लिहायचंही असल्याने वेग सेकंदाला ५० एमबीच्या आसपास धरावा. म्हणजे पाच तास.

हे पाच तास एका तासावर आणता येतात. आधी डी उजवीकडून लहान करा, भरलेल्या डेटाहून थोडीच मोठी, समजा १८० जीबी. मग ते लहान झालेलं पार्टिशन ५० जीबी उजवीकडे सरकवा. मग उजवी कड पुन्हा शेवटपर्यंत ओढा. प्रत्येक पायरीनंतर ‘अप्लाय’ दाबायचंच. एकाच पार्टिशनवरच्या लागोपाठच्या रीसाइझ-मूव्ह सूचना जीपार्टेड जोडून एकच करून टाकतं, आणि तिन्ही पायऱ्या एकदम रांगेत लावल्या तर पुन्हा तो लांबचा रस्ता धरला जातो.

रीसाइझची खिडकी नीट बघण्यासारखी आहे. वर आडवी पट्टी, त्यात भरलेला भाग पिवळा, रिकामा पांढरा, दोन्ही टोकांना ओढायचे बाण. खाली तीन चौकटी: आधीची मोकळी जागा, नवा आकार, नंतरची मोकळी जागा, सगळं एमआयबीत (१०२४ एमआयबी म्हणजे इथला एक जीबी). बाण ओढण्यापेक्षा आकडे टाका. ५० जीबीसाठी ५१२००, १०० साठी १०२४००. फक्त आकार बदलताना ‘आधीची मोकळी जागा’ या चौकटीतला आकडा जराही हलला नाही ना, हे दोनदा बघा. हात हलून तिथे १ आला तरी पूर्ण पार्टिशन सरकवण्याचं काम रांगेत लागतं. अलाइनमेंट (पार्टिशनची कड कशाला जुळवायची ते) एमआयबीवरच ठेवा, सिलिंडर हा पर्याय जुन्या काळातला आहे.

आता पूर्वतयारी. अपयशाची बहुतेक कारणं इथेच असतात.

क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम उघडून डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघा. साटा डिस्कवर ०५, सी५, सी६ या ओळींत शून्याहून जास्त कच्चा आकडा दिसला तर पार्टिशन सरकवू नका, आधी डेटा बाहेर काढा. सरकवताना डिस्कचा कोपरान्‌कोपरा वाचला जातो, आणि एक खराब सेक्टर सगळं काम मधेच अडकवतो. सी७ वाढत असेल तर दोष बहुधा साटा केबलचा असतो. ती काढून नवी लावा.

फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केल्यावरही विंडोज पूर्ण बंद होत नाही, एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते आणि जीपार्टेड हात लावायला नकार देतं. हा नकार बरोबरच आहे, जबरदस्ती करू नका. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या कमांड खिडकीत ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ (powercfg /h off) द्या. हायबरनेशनची फाइल जाते, काही जीबीही सुटतात. मग ज्या ज्या पार्टिशनला हात लावणार त्यांच्यावर चेकडिस्क (chkdsk, डिस्कवरच्या चुका तपासणारी कमांड) ‘/एफ’ लावून चालवा आणि मशीन दोनदा रीस्टार्ट करा.

बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय, हा नव्या लॅपटॉपवरचा मोठा अडसर. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या अनेक मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन मालकाला कळण्याआधीच चालू झालेलं असतं. जीपार्टेड अशा पार्टिशनला ओळखतं, पण त्याचा आकार बदलू शकत नाही. नुसतं ‘सस्पेंड’ करून उपयोग नाही, पूर्ण डिक्रिप्ट करावं लागतं. नाहीतर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटनेच काम भागवा, त्याला बिटलॉकर चालतं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट बदललात तर पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवा.

काही लॅपटॉपवर जीपार्टेडला एनव्हीएमई डिस्क दिसतच नाही. बायोसमध्ये स्टोरेज साध्या एएचसीआयऐवजी रेड किंवा आरएसटी मोडवर (डिस्क हाताळायच्या वेगळ्या पद्धती) असणं हे नेहमीचं कारण. तो मोड थेट एएचसीआय केला तर विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकतं. आधी विंडोजमधल्या एमएसकॉन्फिगमधून (msconfig) सेफ बूटवर खूण करा, मग बायोस बदला, एकदा सेफ मोडमध्ये विंडोज चालू होऊ द्या, मग खूण काढा.

बूटसाठी ८ जीबीचा पेन ड्राइव्ह भरपूर झाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर रस्त्यालगत मिळणारे अवाजवी स्वस्त आणि अवाजवी मोठे पेन ड्राइव्ह या कामाला नकोत. छापलेली क्षमता आणि आतली क्षमता वेगळी निघते, आणि बॅकअप अशा ड्राइव्हवर घेतला असेल तर नुकसान कळतं ते परत उघडताना. घेतलाच तर एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. जीपार्टेडची आयएसओ फाइल रूफस या प्रोग्रामने पेन ड्राइव्हवर लिहा, पेन ड्राइव्हवरून बूट करा, सुरुवातीच्या प्रश्नांना एंटर देत गेलात तरी चालतं.

वीज. मुंबईत वीज सहसा जात नाही, म्हणून लोक गाफील राहतात. पण १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड बिघडून शहरातला मोठा भाग तासन्‌तास अंधारात होता, आणि त्याहून कितीतरी जास्त वेळा घरातलाच एमसीबी पडतो. सरकवणं मधेच तुटलं तर पार्टिशनचा काही भाग जुन्या जागी आणि काही नव्या जागी राहतो, पूर्ण प्रत कुठेच नसते. टेस्टडिस्क हरवलेलं पार्टिशन शोधून देतं, पण असे दोन तुकडे जोडू शकत नाही. ६०० व्हीएचा यूपीएस डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं देतो. उजव्या कडेच्या कामाला तेवढा पुरे, डाव्या कडेला नाही. म्हणून बॅकअप आधी, आणि सोसायटीच्या फळ्यावर वीज दुरुस्तीची सूचना लागली आहे का तेही बघा. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून, चार्जर लावूनच बसा.

सी लहान करताना डिस्क मॅनेजमेंट कधी कधी १८० जीबी मोकळे असून २० जीबीच देऊ करतं. मधे न हलणारी एखादी फाइल असते: पेजफाइल (रॅमला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली), हायबरनेशन फाइल, सिस्टिम रीस्टोअरच्या प्रती. नेमकी कोणती ते इव्हेंट व्ह्यूअरच्या अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये २५९ क्रमांकाच्या नोंदीत मिळतं. पेजफाइल आणि रीस्टोअर तात्पुरते बंद करा, रीस्टार्ट करा, मग श्रिंक (लहान) करा. काम झालं की दोन्ही पुन्हा चालू.

नव्या मशीनवर सी आणि मोकळ्या जागेच्या मधे रिकव्हरी पार्टिशन (विंडोज बिघडल्यास दुरुस्तीसाठीचं) असतं. ते उडवू नका, सरकवा. आधी ‘रीएजंटसी /डिसेबल’ (reagentc, रिकव्हरी चालू-बंद करणारी कमांड), मग जीपार्टेडमध्ये ते उजवीकडे, मग सी वाढवा, शेवटी विंडोजमध्ये ‘रीएजंटसी /एनेबल’. हलवताहातच तर ते २५० एमबीने मोठंही करून घ्या. जानेवारी २०२४ मधला केबी५०३४४४१ हा अपडेट असंख्य मशीनवर याच कारणाने अडकला होता, रिकव्हरीत जागा नव्हती. जीपार्टेडमध्ये १६ एमबीचं एक ‘अननोन’ पार्टिशन उद्गारचिन्हासह दिसतं. ते मायक्रोसॉफ्टचं राखीव पार्टिशन आहे, त्याला हात लावायचा नाही.

उबंटूच्या बाजूला कटकट कमी. उबंटूची फाइल सिस्टिम एक्सटी४ आरामात लहान-मोठं होतं. स्वॅपवर (रॅमला जोड देणारं पार्टिशन) किल्लीचं चिन्ह असेल तर आधी ‘स्वॅपऑफ’. स्वॅप काढून नव्याने केलात तर त्याचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदलतो आणि बूट होताना वाचल्या जाणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये जुनाच राहिला तर बूट होताना दीड मिनिट ताटकळायला होतं. दुसऱ्या फाइल सिस्टिमपैकी एक्सएफएस लहान होत नाही, आणि एक्सफॅटचा आकार जीपार्टेड बदलत नाही.

तक्रारी आहेत. ड्राइव्हची अक्षरं दिसत नाहीत, एसडीए१, एसडीए२ अशीच नावं येतात. दोन सारख्या आकाराच्या डिस्क असतील तर चूक व्हायला वेळ लागत नाही. विंडोजमध्येच प्रत्येक ड्राइव्हला लेबल देऊन ठेवा, ते जीपार्टेडमध्ये दिसतं. उरलेला वेळ सुरुवातीला भलताच दाखवला जातो. ‘अप्लाय’नंतर परतीचा रस्ता नाही. त्याआधी मात्र खालच्या यादीत रांगेतली कामं दिसतात आणि एकेक मागे घेता येतात. ही यादी त्याची सर्वांत चांगली गोष्ट आहे, ‘अप्लाय’पूर्वी ती मोठ्याने वाचा.

काम संपल्यावर ‘सेव्ह डीटेल्स’ने नोंद दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घ्या, कारण लाइव्ह सिस्टिम रॅममध्ये चालते आणि बंद करताच सगळं जातं. विंडोज पहिल्यांदा सुरू होताना स्वतःहून चेकडिस्क चालवेल, तसंच अपेक्षित आहे, त्याला थांबवू नका. मग ‘रीएजंटसी /इन्फो’ देऊन रिकव्हरी ‘एनेबल्ड’ दिसतेय का बघा, डीमधले चार-पाच मोठे व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा, आणि बॅकअपची डिस्क निदान आठवडाभर दुसऱ्या कामाला घेऊ नका.